उचलणारीचं नाव

वृंदा,

तुझा पिलुम्नस आता माझ्या ओट्यावर आहे. परवा सकाळची ड्यूटी संपवून मी रिफाला तुझ्या घरी गेले, तेव्हा विनायकराव स्वयंपाकघर आवरत होते. आवरत कसले, नुसते उभे होते. एका हातात मिक्सरचं भांडं, दुसऱ्या हातात तो वरवंटा. मला बघून म्हणाले, "सिस्टर, हा दगड तुम्ही घेऊन जा. मला काही आलं ठेचता येत नाही."

तुझा नवरा मला अजून सिस्टर म्हणतो. इतक्या वर्षांत जेसिंता म्हणायला शिकला नाही. तू चिडवायचीस त्याला, "अरे, ती तुझी बहीण नाही आणि आता तू पेशंटचा नवराही नाहीस." तो हसायचा आणि पुन्हा सिस्टरच म्हणायचा. मी दगड घेतला, पिशवीत टाकला. गाडीत बसल्यावर एसी लागेपर्यंत स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता, इतकं तापलं होतं. तशीच बसून राहिले. खरं सांगायचं तर मी हल्ली कुठेही तशीच बसून राहते. पाय सुजतात, हे निमित्त.

वीतभर काळा वरवंटा. तुझ्या आईने पेणहून इथे आखातात आणलेला, तुझ्या बाळंतपणाला आली तेव्हा, बाळाच्या पाचवीला पुजायचा म्हणून. सुटकेसमध्ये डिंक, हळीव, जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे, आणि तळाशी हा. एअरपोर्टवरच्या माणसाने हातात घेऊन हे काय म्हणून अरबीत विचारलं, "शिनो हाधा?" आणि तुझी आई अस्सल पेणच्या मराठीत म्हणाली, "बाळासाठी आहे हो, बाळासाठी." त्याने बाळाचं वरवंट्याशी काय काम याचा थोडा विचार केला असणार, मग "यल्ला, यल्ला" करून सोडून दिलं. तू ही गोष्ट सांगताना त्या माणसाचा चेहरा करून दाखवायचीस. दर वेळी हसायचीस. पुढचं कधी सांगायची नाहीस. पुढे पाचवी झाली नाही, कारण पाचवीला बाळ नव्हतं.

आई परत गेली तेव्हा दगड इथेच ठेवून गेली. आणि तू रडारड न करता त्याला आलं-लसूण ठेचायला लावलंस, वर त्याला एका रोमन देवाचं नाव दिलंस. "पिलुम्नस, लाव रे जरा जोर." मी म्हणायचे, "बाई, पेणचा दगड आहे, मराठी नाव तरी दे."

शाळेत इतिहास शिकवणारी तू. मुलांना रोमचे सम्राट आणि लढाया शिकवायच्या, आणि तू कुठल्या कोपऱ्यात शिरलीस तर बाळंतपणाच्या देवतांच्या. मला तेव्हा वाटायचं, ही जखमेची खपली काढत बसते. आता वाटतं, तू शोधत होतीस. काय शोधत होतीस ते मला माहीत होतं आणि मी गप्प होते.

चहाला बसलो की सुरू व्हायचीस. रोमन लोकांकडे बाळंतपणाला एक देव पुरत नाही, जेसी. लुसिना बाळाला उजेडात आणते. दुसरी एक नुसती मेणबत्ती धरून उभी. दोघी बहिणी असतात, बाळ डोक्याने येणार असेल तर एक बघते, पायाने येणार असेल तर दुसरी.

"म्हणजे ब्रीचला वेगळी देवी?"

"वेगळी. पोस्टव्हर्टा तिचं नाव. मग बाळाचं पहिलं रडणं काढणारा एक, पाळणा बघणारी एक, दूध बघणारी एक."

"आणि इतक्या जणींत इनचार्ज कोण? हँडओव्हर कोण घेतं?"

"लुसिना इनचार्ज. बाकी सगळ्या शिफ्टवर." मग तू मला टाळी द्यायचीस. "तुमच्या लेबर रूमचं ड्यूटी रोस्टर आहे हे, जेसी. तुम्ही रोमनच."

मी रविवारी चर्चला जाणारी, वसईची, घरात सेंट जेरार्डची तसबीर. गरोदर बायका त्याचाच धावा करतात आमच्याकडे. मी तुला म्हणायचे की, एक देव आहे तो सगळं बघतो, त्याला मदतनीस लागत नाहीत. "मग तुमचा जेरार्ड काय करतो? कॉफी देतो का?" असं तू म्हणायचीस. हा आपला वाद कधी मिटला नाही. एकदा मी जरा रागानेच म्हणाले, "आमच्या चर्चच्या जुन्या विद्वानांनी या देवांची थट्टाच केली होती. दारात एक माणूस उभा केला तर पुरतो, तुम्हाला तीन तीन देव लागतात म्हणून." तू वाटच बघत होतीस. "बरोबर! त्यांनी थट्टा करायला नावं लिहिली, म्हणून तर ती आज मला कळली. ज्यांनी पुजलं त्यांनी कुठे लिहून ठेवलं होतं? चिडवणाऱ्यांचे उपकार मान, जेसिंताबाई."

याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आता कुणाला देऊ?

दाराच्या त्या तीन देवांची गोष्ट तू इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही सांगितलीस. बायका आधी मोबाइल बघत होत्या. रोम म्हटल्यावर कुणाचं काय असतं? मग तू सांगितलंस की बाळ झाल्यावर रात्री तीन माणसं घराच्या उंबऱ्यावर यायची. एक कुऱ्हाड मारायचा, एक मुसळ आपटायचा, एक झाडून घ्यायचा, म्हणजे रानातलं काही आत शिरू नये. कुऱ्हाडीची देवी वेगळी, झाडूची वेगळी, आणि मुसळाचा पिलुम्नस. मग पर्समधून वरवंटा काढून टेबलावर ठेवलास. "आणि आपण पाचवीला काय मांडतो? पाटा, वरवंटा, विळा. काय फरक आहे सांगा." मोबाइल खाली गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, खरंच की." तू तेव्हा किती खूश होतीस. त्या कार्यक्रमात तू लेवानाचं नाव घेतलं नाहीस. मी मागच्या रांगेत तेवढं एक नाव ऐकू येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते.

लेवाना. हे नाव मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या घरात, जिदहफ्सच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये. माझी रिया झाली होती, मी घरी आले होते, नवरा कामावर. तू शाळा सुटल्यावर तशीच आलीस, हात धुतलेस, आणि माझ्या देखत रियाला दुपट्यासकट सतरंजीवर, जमिनीवर, ठेवलंस.

"वृंदा! डोकं फिरलंय का? फरशी आहे ती!"

"गप्प बस. एक मिनिट."

"इन्फेक्शन होईल! उचल तिला!"

"तेच करतेय," म्हणालीस, आणि वाकून तिला दोन्ही हातांनी उचललंस, अगदी हळू, कुणीतरी बघत असावं तशी. "झालं. आता ही घरातली. रोमन लोक म्हणे असंच करायचे. सुईण बाळ जमिनीवर ठेवायची. घरातल्याने उचललं की ते त्या घराचं. उचलण्याचीसुद्धा देवी होती त्यांच्याकडे, लेवाना. तिचं देऊळ सापडत नाही, मूर्ती नाही. नुसतं नाव आणि एवढंच काम."

मी रागात होते. नर्स म्हणून मी घातलेले सगळे नियम मोडले होतेस. आणि तू रियाला छातीशी धरून खिडकीपाशी गेलीस, पाठ माझ्याकडे, आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "माझीला कुणी उचललं होतं का गं?"

मी म्हणाले, "दूध उतू जातंय वाटतं."

दूध गॅसवर नव्हतंच. तुला ते माहीत असणार, स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. मी आत जाऊन रिकाम्या शेगडीसमोर उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तू रियाला काहीतरी गुणगुणत होतीस. पुन्हा विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही.

रियाला तू मराठी शिकवलंस, वृंदा. ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि तुला मराठीत द्यायची. तू गेल्याचं कळल्यावर फोनवर म्हणाली, "मम्मा, शी वॉज द ओन्ली वन हू स्कोल्डेड मी इन मराठी." मग रडली. तू तिला उचललं होतंस, ती तुझीही होती, याचे आभार मी कधी मानले नाहीत. मला वाटायचं, आभार मानायला गेले तर तो दुसरा विषय निघेल.

दुसऱ्यांदा विचारलंस ते गाडीत. मंडळाचा तो कार्यक्रम संपवून परत येताना. सलमानियाच्या सिग्नलला थांबलो होतो, मी चालवत होते. तू म्हणालीस, "मला भूल देत होते ना, तेव्हा ट्रेचा आवाज आला होता. स्टीलच्या. मला तोच आठवतो. तिला तशा ट्रेत ठेवलं असेल ना, जेसी? इंजेक्शनं ठेवता तशा?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"तू होतीस तिथे."

"ड्यूटीवर किती केसेस असतात, वृंदा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली. किती केसेस असतात, असं मी तुला म्हणाले. तुला.

आता सांगते. उशीर झाला म्हणजे अगदी खलास झाला, तरी सांगते.

तू आलीस तेव्हा तुझं पोट दगडासारखं घट्ट होतं आणि रक्त जात होतं. वार आधीच सुटली होती. बाळाचे ठोके लागत नव्हते. कुणाची चूक नव्हती. हे मी आज इतकी वर्षं काम केल्यावर सांगते, समजूत घालायला नाही. तुला थिएटरमध्ये न्यायचं म्हणून मीच तुझं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, मनगटातला दोरा कापला, केसांचा अंबाडा सोडला. पुढे कधीतरी तू मला सांगितलंस की लुसिनाकडे जाताना रोमन बायका अंगावरची एकूण एक गाठ सोडायच्या. "म्हणजे तू सगळे नियम पाळले होतेस, जेसी. तीच आली नाही." हसत म्हणालीस. मी तुझ्यासारखं हसू शकले नाही.

मुलगी तुझी पूर्ण दिवसांची होती. वाढलेली, भरलेली. जिवंत नव्हती. तुझं रक्त थांबत नव्हतं, सगळे तुझ्याभोवती होते. मुलगी माझ्या हातात आली.

त्या काळी पद्धत अशी होती की आईला दाखवायचं नाही. बघितलं नाही की लवकर विसरते, असं मोठे म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, घरचे म्हणायचे. तुझी आईही बाहेर बाकावर बसून तेच म्हणत होती, "नको हो, नको दाखवू, पोरगी वेडी होईल." तू भुलीत होतीस. आणि विनायकराव कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभे राहिले. मी मुलीला घेऊन उभी होते. त्यांनी विचारलं, "सिस्टर, वृंदा जागी होईपर्यंत थांबू का? दाखवू का तिला?"

त्यांनी डॉक्टरला नाही विचारलं. आईला नाही. मला विचारलं, कारण मी नर्स होते आणि तुझी मैत्रीण होते. माझ्या मनात होतं की थांबा. मला ते अगदी स्पष्ट वाटत होतं. आणि मी खाली बघितलं आणि काही बोलले नाही. वरिष्ठ होते, पद्धत होती, मी नवीन होते, ही सगळी कारणं नंतर जमवलेली. त्या वेळी मी फक्त गप्प बसले, कारण गप्प बसणं मला येतं. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'नको' असा घेतला. तू जागी झालीस तेव्हा सगळं उरकलं होतं.

आणि तू ते त्यांच्यावर धरलंस. वर्षानुवर्षं. माझ्यासमोर म्हणायचीस, "याने ठरवलं, माझ्या मुलीचं तोंड मी बघायचं नाही असं याने ठरवलं." ते तेव्हाही उलट बोलायचे नाहीत. चहाचे कप उचलून आत न्यायचे. मी बिस्किट खायचे. माझं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटले असते.

आजकाल आमच्याकडे दाखवतात. बाळ आईजवळ देतात, हवं तितका वेळ, पायाचा ठसा घेऊन देतात. नव्या मुली येतात केरळहून, मनिलाहून, त्यांना मीच सांगते, विचारा, घाई करू नका, आईला विचारा. त्या म्हणतात सिस्टर जेसिंता फार चांगल्या. मला हे ऐकून इतकं थकल्यासारखं होतं की चेंजिंग रूममध्ये जाऊन बसावं लागतं.

शेवटच्या दिवसांत मी तुझ्याजवळ होते. तुझी उशी बदलायचे, ओठांवर ओला कापूस फिरवायचे. सांगायला वेळ होता, वृंदा. भरपूर होता. एकदा तू डोळे उघडून माझ्याकडे इतका वेळ बघितलंस की मला वाटलं आता विचारणार, आणि ठरवलं, या वेळी सांगायचं. तू म्हणालीस, "जाऊ दे." आणि माझा हात थोपटलास. काय जाऊ दे? पाणी? उशी? मी विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

परवा वरवंटा पिशवीत टाकल्यावर विनायकरावांनी चहा केला. दोघं तुझ्या टेबलाशी बसलो. चहात साखर जास्त होती. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तिला कधी सांगितलंत का? त्या दिवसाचं?"

"नाही."

"मला वाटायचं तुम्ही सांगितलं असेल. बायका बोलतात."

"मला वाटायचं, तुम्ही सांगितलं असेल. नवरा-बायको आहात."

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, "मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला मिळाली आणि मला नाही."

मलाही तीच भीती होती, वृंदा. अगदी तीच. तुझी मुलगी मला मिळाली होती आणि तुला नाही.

तेव्हा ऐक. स्टीलचा जो आवाज तू ऐकलास तो हत्यारांचा होता, तुझ्यासाठीच उघडत होते ती. तिला ट्रेत ठेवलं नाही. मी तिला कोमट पाण्याने पुसलं, हातावर घेऊन. वजन घ्यावं लागतं, ते घेतलं, तेवढ्यापुरती काट्यावर होती, आणि तेव्हाही माझा तळवा तिच्या डोक्याखाली होता. तुझ्या आईने आणलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, जांभळ्या काठाच्या. तिचे केस काळे, दाट, कपाळावर चिकटलेले. भुवया तुझ्या. हनुवटी विनायकरावांची, मध्ये खळी असलेली. उजव्या कानाच्या पाळीवर एक छोटी खूण होती. मी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. तुला न विचारता. तुझी सटवाई जिथे लिहायला येते तिथे. रागावायचं असेल तर रागाव. मला तेवढंच येत होतं.

मग माझ्या इनचार्जने ट्रॉली पुढे केली. मी म्हणाले, नको. आयुष्यात तेवढं एक 'नको' मी वेळेवर म्हटलं. कॉरिडॉरमध्ये विनायकरावांसमोर उभी राहिले तेव्हा ती माझ्या हातातच होती. लिफ्टमध्येही. पार्किंगपर्यंत मीच नेली. त्यांच्या मित्राची गाडी होती. विनायकराव मागच्या सीटवर बसले, त्यांनी हात पुढे केले, मी तिला त्यांच्या हातात दिली. परवा त्यांनी मला पुढचं सांगितलं, मला ते माहीत नव्हतं. वाटभर ती त्यांच्या मांडीवर होती. उन्हाचा कवडसा तिच्या तोंडावर येत होता म्हणून त्यांनी वाटभर हाताची सावली धरली. दफनभूमीत पोचल्यावर ते तिला घेऊनच खड्ड्यात उतरले.

तू मला विचारलंस, तिला कुणी उचललं का. उत्तर द्यायला मला जमलं नाही, कारण प्रश्नच चुकत होता, गं. उचलायला आधी खाली ठेवावं लागतं. मातीपर्यंत तिला कुणी खाली ठेवलंच नाही.